एका प्लेटमध्ये सहा, आणि आपण दोघी: कोलकात्यातलं चायनीज

लोकलमध्ये उभे आहात, भांडी घासताय, की गच्चीवर चकरा मारताय? जिथे असाल तिथे हेडफोन नीट लावा. आजचा एपिसोड खाण्याबद्दल आहे. जेवून ऐकत असाल तर उत्तम. उपाशीपोटी ऐकत असाल तर पुढच्या पंधरा मिनिटांची जबाबदारी तुमची.

आधी एक प्रश्न. ‘चायनीज’ म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? माझ्या येते ती गाडी. लाल रंगाची, ड्रॅगन काढलेली, मोठ्या आचेवर ठणाठण वाजणारी कढई, आणि बोर्डावर शेजवान, ट्रिपल शेजवान, चायनीज भेळ. ही गाडी आपल्या सगळ्यांच्या कॉलेजच्या दिवसांची साक्षीदार आहे. पण या गाडीपर्यंत हे खाणं आलं कुठून? ते आणणारी माणसं कोण? ती आता कुठे आहेत? हे आपण फारसं विचारत नाही. आज ते विचारायचंय. त्यासाठी तुम्हाला कोलकात्याला घेऊन जाते.

तर माझी एक मैत्रीण आहे. हॉस्टेलमधली. आम्ही दोघींनी मिळून मेसच्या आमटीवर जितक्या शिव्या घातल्यात तितक्या कुणी घातल्या नसतील. ती बँकेत लागली आणि पोस्टिंग मिळालं कोलकाता. गेल्या हिवाळ्यात मी तिच्याकडे गेले, तर शनिवारी रात्री बाईसाहेबांचा हुकूम, “पहाटे पाचचा गजर लाव. चायनीज खायला जायचंय.”

म्हटलं, “अगं, पहाटे पाचला चायनीज?”

“हो. आठनंतर गेलीस तर रिकामी भांडी बघायला मिळतील.”

जागेचं नाव टिरेटा बाजार. मध्य कोलकात्यात, लालबाजारच्या पोलीस मुख्यालयाजवळ. मेट्रोने जायचं तर सेंट्रल स्टेशन. एदुआर्दो टिरेटा नावाच्या इटालियन माणसाची अठराव्या शतकात इथे मंडई होती, तिचं नाव राहिलं. इथे पहाटे, आणि विशेषतः रविवारी, रस्त्याच्या कडेला टेबलं मांडून चिनी नाश्ता विकतात. ॲल्युमिनियमचे मोठे डबे, त्यातून निघणारी वाफ, आणि थंडीत कानटोपी घालून उभी असलेली गर्दी. आजूबाजूला नेहमीची भाजी आणि मासळी. म्हणजे एका हाताला फ्लॉवर आणि दुसऱ्या हाताला पोर्क बाओ.

आता जरा डम्पलिंग समजून घेऊया, कारण आपल्याकडे सगळ्यालाच मोमो म्हणायची सवय लागलीये. मोमो हा तिबेट-नेपाळकडचा. चिनी घरातले भाऊबंद वेगळे. आणि गंमत म्हणजे मराठी माणसाला ते समजायला अजिबात अवघड नाहीत.

पहिला, च्याओत्झ. हा चक्क करंजीसारखा. गोल पारी, मध्ये सारण, अर्धी दुमडायची, कडा दाबायच्या. उत्तर चीनमध्ये त्यांच्या नववर्षाच्या आदल्या रात्री घरातले सगळे बसून च्याओत्झ करतात. आपल्याकडे दिवाळीच्या आधी करंज्या करायला कशा काकू, मावश्या, शेजारच्या आजी जमायच्या, तसंच. आकार जुन्या काळच्या चांदीच्या लगडीसारखा, म्हणून तो खाल्ला की वर्षभर पैसा येतो अशी समजूत.

दुसरा, शुमाय. याचं तोंड उघडं. मोदक वळताना कळ्या पाडल्या आणि वरून बंद करायचं राहून गेलं, असा दिसतो. आत पोर्क, चिकन किंवा कोळंबी.

तिसरा, बाओ. हा फुगलेला, मैद्याचा, यीस्ट घातलेला, वाफवलेला पाव समजा. आत सारण.

चौथा, वाँटन. याची पारी एकदम पातळ, आणि तो बहुतेक वेळा सूपमध्ये पोहत येतो.

आणि शांघायकडचा एक प्रकार आहे, श्याव-लोंग-बाओ. त्याच्या आत चक्क सूप असतं. आत सूप भरतात कसं? ते भरत नाहीतच. मांसाचा रस थंड करून जेलीसारखा घट्ट करतात, तो सारणात मिसळतात. वाफेवर तो वितळतो. म्हणून हा कधी समोर आला तर एका घासात तोंडात टाकू नका. आधी कडेला छोटं भोक पाडायचं, रस ओढून घ्यायचा, मग उरलेला खायचा. नाहीतर जिभेचं काही खरं नाही.

अजून एक गोष्ट, जी मला फार आवडते. उकडीच्या मोदकाची उकड आपण कशी काढतो? उकळत्या पाण्यात पिठी. चिनी स्वयंपाकातही वाफवायच्या डम्पलिंगची कणीक गरम पाण्यात भिजवतात, आणि पाण्यात उकळायच्या डम्पलिंगची गार पाण्यात. कारण साधं आहे. गरम पाण्याने गव्हाच्या पिठाची चिवट ताण कमी होते, पारी मऊ राहते, हवी तशी वळते. गार पाण्यात भिजवलेली कणीक चिवट राहते, म्हणून खळखळत्या पाण्यातही फुटत नाही. तांदूळ असो की गहू, वाफेचं गणित दोन्हीकडच्या आज्यांना सापडलेलं आहे.

तर आम्ही दोघी टिरेटा बाजारात. तिथल्या खाण्याचा पहिला नियम मैत्रिणीने सांगितला, “एकटीने इथे यायचंच नाही.” का? कारण प्लेटमध्ये येतात एकाच प्रकारचे. एकटं माणूस दोन प्लेटमध्ये गार होतं. दोघं असाल तर एक बाओ, एक प्लेट शुमाय, एक बोल फिशबॉल सूप, असं सगळं अर्धं-अर्धं चाखता येतं. चिनी जेवणाची रीतच ती आहे. ताट आपलं-आपलं नसतं, पदार्थ मध्ये असतात आणि सगळे त्यातून घेतात. म्हणजे ऑर्डर देतानाच तुम्हाला समोरच्याचा विचार करावा लागतो. तिला तिखट चालतं का, ती पोर्क खाते का, तिला किती भूक आहे.

शाकाहारी मंडळी, तुमच्यासाठी प्रामाणिक सूचना. इथला बहुतेक माल पोर्क, चिकन आणि मासे. पण तीळ लावून तळलेले, आत गोड सारण असलेले गोळे मिळतात. संक्रांत जवळ आली होती, त्यामुळे मी लगेच तिळगूळ म्हणून एक मैत्रिणीच्या हातावर ठेवला.

आता त्या सकाळचा एक प्रसंग, ज्याच्यामुळे खरं तर हा एपिसोड करतेय.

एका टेबलामागे सत्तरीच्या आसपासच्या एक आजी उभ्या होत्या. स्वेटर, त्यावर ॲप्रन, हातात चिमटा. बंगाली गिऱ्हाइकाशी बंगाली, आमच्याशी हिंदी. आमच्या पुढे एक मुलगा मोबाईलवर व्हिडिओ करत होता. त्याने एकदम कॅमेरा त्यांच्यासमोर धरला आणि विचारलं, “आंटी, आप कौन सी कंट्री से हो?”

आजींनी वर न बघता सांगितलं, “बौबाजार.”

बौबाजार म्हणजे मागचीच वस्ती. पायी पाच-दहा मिनिटं.

आम्ही दोघी आधी हसलो. मग प्लेट घेऊन कडेला उभ्या राहिलो आणि मैत्रीण म्हणाली, “तुला आठवतं, आपल्या हॉस्टेलवर ऐजॉलची ती मुलगी होती? तिलापण मेसमध्ये ‘ए चायनीज’ म्हणून हाक मारायचे. ती मिझोरमची. म्हणजे आपल्याइतकीच इथली.”

खाणं आपल्याला आपलं वाटतं आणि माणूस मात्र परका. हे कसं झालं? त्यासाठी थोडा इतिहास. घाबरू नका, थोडाच.

अठराव्या शतकाच्या अखेरीस, वॉरन हेस्टिंग्जच्या काळात, टोंग अच्यू नावाचा एक चिनी व्यापारी बंगालमध्ये आला. हुगळीच्या काठी बजबजजवळ त्याला जमीन मिळाली, त्याने ऊस लावला, साखरेचा कारखाना काढला. त्या गावाला आजही अछिपूर म्हणतात. त्याची समाधी तिथे आहे, आणि चिनी नववर्षानंतर कोलकात्याची चिनी कुटुंबं तिथे दर्शनाला जातात.

पुढे लाटांमागून लाटा आल्या. कँटनकडचे सुतार आले, ते गोदीत कामाला लागले. हुबेईकडचे दात बसवणारे आले. आणि हक्का आले. हक्का या शब्दाचा अर्थच मुळी ‘पाहुणी कुटुंबं’. आपल्या गाडीवरच्या ‘हक्का नूडल्स’मधला हक्का तो हाच. म्हणजे आपण ज्याला नूडल्सचा प्रकार समजतो, ते एका समाजाचं नाव आहे.

हक्का लोकांनी बूट बनवले, आणि शहराच्या पूर्वेला टांगरा भागात कातडी कमावण्याचे कारखाने काढले. कातड्याचं काम आपल्याकडे जातीत अडकलेलं. वरच्या जातींनी हात लावायचा नाही. त्या मोकळ्या जागेत हक्का कुटुंबं उभी राहिली, बिहारमधून आलेल्या चर्मकार कामगारांच्या सोबतीने.

मग आला १९६२चा ऑक्टोबर. भारत-चीन युद्ध. महिनाभराचं युद्ध, पण त्यानंतर जे झालं ते आपल्या शाळेच्या पुस्तकात मी तरी वाचलेलं नाही. आसाम, दार्जिलिंग, शिलाँग अशा भागांतून सुमारे ३००० चिनी वंशाच्या लोकांना उचललं. म्हातारी माणसं, लहान मुलं, सगळे. रेल्वेत बसवून थेट राजस्थानात, देवळीच्या छावणीत. कुठलाही खटला नाही. काहींनी तिथे कित्येक वर्षं काढली. काहींना जहाजाने चीनला पाठवलं, ज्या चीनमध्ये त्यांनी आयुष्यात पाऊल ठेवलं नव्हतं. जे सुटून घरी आले, त्यातल्या अनेकांची घरं-दुकानं लिलावात गेलेली होती.

त्यानंतर जमेल तसे लोक देश सोडून गेले. कॅनडात टोरांटोला आज ‘हक्का रेस्टॉरंट’ म्हणून पाट्या दिसतात, तिथे मिळतं ते आपलं, कोलकात्याचं चायनीज. चिली चिकनसकट.

आता संध्याकाळ. त्याच दिवशी आम्ही टांगराला गेलो. जोडणी बघा. सकाळी डम्पलिंग, रात्री नूडल्स. मध्ये दुपारभर झोप, हे सांगायला नको.

टांगरा म्हणजे उंच भिंती, मोठी लोखंडी गेटं. कारण एकेकाळी आत कातड्याचे कारखाने होते. १९९६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रदूषणामुळे हे कारखाने शहराबाहेर, बानतलाला हलवायचा आदेश दिला. मग इथल्या घरांनी काय करायचं? जे हातात होतं ते. स्वयंपाक. कारखान्यात येणाऱ्या लोकांना घरी जेवू घालणं आधीपासून होतंच, त्यातून हॉटेलं वाढली. म्हणजे आपण ज्याला ‘फूड डेस्टिनेशन’ म्हणून रील बनवतो, ते आधी पोटाचा प्रश्न होतं.

टांगरात एक चायनीज काली मंदिर आहे. देवी बंगाली, भक्त चिनी, आणि प्रसादाला नूडल्स मिळतात म्हणून प्रसिद्ध. मैत्रीण म्हणाली, “सत्यनारायणाच्या शिऱ्यापेक्षा वेगळं काही मिळतंय, एवढ्यासाठी तरी ये.”

आम्ही हक्का नूडल्स मागवल्या, सोबत चिली फिश. या नूडल्स आपल्या गाडीवरच्यांपेक्षा वेगळ्या लागल्या का? हो. भडक लाल रंग नाही. सॉस कमी. आचेचा वास जास्त. नूडल्स आधी उकळून, गार करून, तेलाचा हात लावून ठेवतात, म्हणून एकमेकींना चिकटत नाहीत. मग कढई इतकी तापवतात की आत पडताक्षणी चर्रर होतं आणि दोन-तीन मिनिटांत काम संपतं. कोबी शिजत नाही, नुसता दचकतो. दुसरीकडे सूपमधल्या नूडल्स असतील तर गप्पा नंतर, खाणं आधी. त्या पाणी पितात आणि फुगतात. आमच्या बाजूच्या टेबलावर एक जोडपं भांडत होतं, त्यांच्या बोलमध्ये भांडण संपेपर्यंत सूप उरलं नव्हतं.

आता तुम्ही म्हणाल, अगं बाई, हे सगळं कोलकात्याचं. आपल्या मुंबईचं काय?

मुंबईचा धागा पक्का आहे. माझगावला, डॉकयार्ड रोड स्टेशनच्या जवळ, एक चिनी मंदिर आहे. सी युप कून. १९१९चं. चीनच्या ग्वांगदोंग भागातून आलेल्या, जहाजांवर आणि गोदीत काम करणाऱ्या लोकांनी बांधलेलं. ‘सी युप’ म्हणजे चार तालुके. कोलकात्यात टिरेटा बाजारजवळही त्याच चार तालुक्यांच्या लोकांचं मंदिर आहे, त्याला तिथे ‘सी इप चर्च’ म्हणतात. हो, कोलकात्यात चिनी मंदिरांना चर्चच म्हणतात. म्हणजे मुंबई गोदी आणि कोलकाता गोदी, दोन टोकं, आणि दोन्हीकडे एकाच मुलखातल्या खलाशांनी आपल्या देवाला जागा केली.

आणि मंचुरियन? ज्यावर अर्धा महाराष्ट्र जगतो तो? तो मांचुरियातून आलेला नाही. कोलकात्यात जन्मलेले नेल्सन वाँग मुंबईला आले, आणि १९७५च्या सुमारास क्रिकेट क्लब ऑफ इंडियात त्यांनी तो केला असं सांगितलं जातं. आलं, लसूण, हिरवी मिरची अशी आपल्या रश्श्याची सुरुवात, आणि पुढे गरम मसाल्याऐवजी सोया सॉस. थोडक्यात, कोलकात्याच्या चिनी माणसाने मुंबईच्या जिभेसाठी केलेला पदार्थ. याला विदेशी म्हणायचं तर बटाट्याच्या भाजीचंही काही खरं नाही.

जाता जाता शेजवानबद्दल. मूळ शब्द सिचुआन, हा चीनचा एक प्रांत. तिथल्या जेवणात एक जीभ बधिर करणारी मिरी असते, सिचुआन पेपर. आपल्या गाडीवरच्या शेजवान चटणीत ती बहुतेक नसतेच. पण कोकणातल्या, गोव्यातल्या मंडळींनो, तुमच्या बांगड्याच्या आमटीत जे तिरफळ पडतं ना, ते त्या मिरीचं सख्खं भावंडं आहे, एकाच वनस्पतिकुळातलं. शेजवानच्या नावाखाली आपण जे शोधतो, ते मालवणच्या आजीच्या डब्यात केव्हापासून होतं.

२०२०च्या जूनमध्ये गलवानची चकमक झाली, आपले २० जवान गेले. राग येणं साहजिक होतं. त्या रागात ‘चायनीज खाणंच बंद करा’ अशीही आवाहनं झाली. मला तेव्हा प्रश्न पडला नव्हता, पण टांगराला बसल्यावर पडला. चायनीज बंद केलं तर बीजिंगचं काय जाणार? जाणार ते बौबाजारच्या आजींचं. माझगावच्या एखाद्या कुटुंबाचं. आणि आपल्या कोपऱ्यावर गाडी लावणाऱ्या नेपाळच्या किंवा विदर्भातल्या पोराचं.

टिरेटा बाजारचा नाश्ता वर्षागणिक आटतोय. पुढची पिढी परदेशात, किंवा दुसऱ्या नोकऱ्यांत. टेबलं कमी होतायत. मी मैत्रिणीला विचारलं, “अजून किती वर्षं चालेल गं हे?” ती म्हणाली, “माहीत नाही. म्हणून तर दर महिन्याला एक रविवार येते. बँकेतली सगळी नवीन पोरं आणून झालीत. आता तू.”

मला ही तिची पद्धत आवडली. निषेध नाही, भाषण नाही. माणसं जोडून घेऊन जायची आणि पोटभर खायचं.

तर तुमच्यासाठी पाच गोष्टी, स्क्रीनशॉट काढून ठेवा.

एक. जोडीने जा. दोघांत तीन प्रकार मागवा, एकच प्रकार दोनदा नको.

दोन. कोलकात्याला गेलात तर रविवारी सहा-साडेसहाला टिरेटा बाजार. सुटे पैसे जवळ ठेवा. आजी फोनपेची वाट बघत उभ्या राहणार नाहीत.

तीन. चॉपस्टिक वापरणार असाल तर भातात उभ्या रोवू नका. मृताला उदबत्ती लावतात तशा त्या दिसतात, चिनी घरात ते अशुभ मानतात.

चार. फोटो काढायच्या आधी विचारा. आणि ‘कुठल्या देशाच्या’ हे विचारू नका. ‘आज काय चांगलं झालंय?’ हे विचारा. उत्तरही चांगलं मिळतं आणि शुमायही.

पाच. मुंबईत असाल तर चिनी नववर्षाच्या दिवशी माझगावचं मंदिर बघून या. जानेवारी-फेब्रुवारीत येतं ते. मग जेवायला कुठेही बसा.

आणि हो, शेवटचा डम्पलिंग. प्लेटमध्ये सहा असले की प्रश्न नसतो. पाच असले की आपला मराठी संकोच सुरू, “तू घे.” “नाही गं, तू घे.” तोवर तो थंडगार. आमच्या दोघींचं ठरलंय. जी बिल देणार, तिने शेवटचा खायचा. तुमचा नियम काय आहे? व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात लावते.

ज्याच्यासोबत बऱ्याच दिवसांत जेवला नाहीत, त्याला या एपिसोडची लिंक टाका आणि खाली एवढंच लिहा, ‘रविवारी?’ चला, भेटूया पुढच्या आठवड्यात.